पायांवर फोकस

सायलीनं पहिल्या दिवशी काळ्या कापडात डोकं घातलं आणि पुढच्या क्षणी ती किंचाळत बाहेर आली. येताना ट्रायपॉडला पाय लागला आणि माझ्या वडिलांचा लाकडी कॅमेरा पडता पडता मी छातीवर झेलला. त्यानंतर मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी गोड बोलणारी बाई नाही. पडेगावात कुणालाही विचारा, विशाखाताईचं तोंड कसं आहे ते.

“ताई, त्याच्यात सगळं उलटं हाय,” ती भिंतीला टेकून म्हणाली. “ट्रक वर चाकं करून पळायलेत.”

“मग? तू काय त्यांच्यासोबत पडणार होतीस?”

“तसंच वाटलं.”

माझा स्टुडिओ दौलताबादच्या रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, भरतीच्या पोरांचे अर्जाचे फोटो. मागे डार्करूम आणि हा कॅमेरा. माझे वडील कडुबा एका सरकारी कार्यालयात फोटोग्राफरच्या हाताखाली होते. कार्यालयानं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा लोकांनी कपाटं आणि पंखे नेले आणि बाबांनी हा कॅमेरा डोक्यावर घेऊन घर गाठलं. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही म्हणतात. आता मोबाइलच्या जमान्यात याची गरज कुणाला, असं लोक विचारतात. गरज नाही. मला आवडतो, आणि आवडणारी दोन-चार माणसं अजून शोधत येतात.

सायली माझ्याकडं कॉम्प्युटरवर फोटो साफ करायला होती. हात चांगला, डोळा त्याहून चांगला, पण इतकी भित्री पोरगी मी दुसरी पाहिली नाही. कुत्र्याला भ्यायची, इन्व्हर्टरच्या आवाजाला भ्यायची, मी “सायली” म्हणून हाक मारली तरी दचकायची. पण एकदा डार्करूममध्ये ट्रेमधल्या पाण्यात चेहरा हळूहळू उमटताना तिनं पाहिला आणि माझ्या मागं लागली, ताई, मला हे शिकवा. भित्री माणसं एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटत नाहीत. मी सहा महिने नाही म्हणत होते, शेवटी कंटाळून हो म्हणाले.

तर हा कॅमेरा म्हणजे फार मोठं गौडबंगाल नाही. पुढं लेन्स, मागं दुधी काच, मध्ये घड्याघड्यांचा भाता, लोहाराकडं असतो तसा. समोरचं दृश्य लेन्समधून येऊन काचेवर पडतं, उलटं आणि मंद. ते दिसावं म्हणून डोक्यावरून काळं कापड घेऊन अंधार करायचा. बाजूचं चाक फिरवलं की भाता लांब-आखूड होतो आणि काचेवर आधी एक गोष्ट स्पष्ट होते, मग दुसरी. सगळं एकदम स्पष्ट होत नाही. काय स्पष्ट हवं ते आपण ठरवायचं, घड्याळजीचं भिंग काचेला लावून तेवढंच निरखायचं आणि चाक घट्ट करायचं. मग लेन्स बंद करून फिल्मची पेटी सरकवायची, आणि तिथून पुढं आपल्याला काचेवर काहीच दिसत नाही. त्या वेळात समोरचा माणूस हलला किंवा आपण चुकीच्या ठिकाणी फोकस केलेला असला, तर ते कळतं थेट डार्करूममध्ये.

शिकणाऱ्याला मी एक्स-रेची फिल्म देते. दवाखान्यांना माल पुरवणाऱ्याकडून आणायची आणि लाल दिव्यात कापायची. ती स्वस्त, पण मंद आहे. म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवावं लागतं, आणि तोंड उघडं ठेवलं की वीतभर चूकसुद्धा खपत नाही.

सायली आठवडाभर रडतरखडत शिकली. कापडात जायच्या आधी देवाचं नाव घ्यायची. मग एक दिवस आत बराच वेळ राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, “ताई, हा पदर बरा हाय. ह्याच्यातून समोरच्याकडं बघता तरी येतं.”

हे ती का म्हणाली ते कळायला तिचं घर माहीत पाहिजे.

सायलीचं सासर शेंद्र्याचं. जमीन थोडी कारखान्यांकडं गेली, थोडी राहिली. नवरा सत्यम शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला नोकरीला. शेंद्र्याच्या पोराला नोकरी वाळूजला आणि वाळूजच्या पोराला शेंद्र्याला, हा आमच्या शहराचा कायदाच आहे. सकाळी तो तिला मोटारसायकलवर नगर नाक्याला सोडायचा, तिथून ती रिक्षानं माझ्याकडं. सासू वच्छलाबाई लग्नाआधीच वारलेल्या. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, अप्पाराव. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, सायली मामा म्हणायची. म्हणायची म्हणजे माझ्यापाशी म्हणायची. त्यांच्यासमोर तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

लग्न होऊन घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी शेजारच्या चुलत सासूनं, चंपाबाईनं, तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, “सासऱ्यासमोर पदर कपाळाच्या खाली यायला पायजे. डोळ्याला डोळा द्यायचा नाय. आमी तीस वर्षं दिला नाय.” सायलीनं ते असं पाळलं की वर्ष झालं तरी तिला सासऱ्याचे फक्त पाय माहीत होते. उजव्या अंगठ्याचं काळं नख, टाचेच्या भेगा, वहाणेचा तुटून शिवलेला अंगठा. पाय ओसरीवर दिसले की ती स्वयंपाकघरात, पाय स्वयंपाकघराकडं वळले की ती मागच्या दारी.

मला हे ऐकून चीड यायची. मी तिला म्हटलं, “अगं, कोणत्या जमान्यात राहता तुम्ही?” ती म्हणाली, “ताई, तुम्ही त्यांना पायलं नाय.”

अप्पांचा राग गावात प्रसिद्ध होता. वच्छलाबाई होत्या तोवर कमी होता म्हणे, त्या गेल्यावर वाढला. मोटारसायकल चालवायची सोडली, कारण गुडघा. पेपर वाचायचा सोडला, कारण त्याच त्या बातम्या. दिवेलागणीनंतर पारावर जायचं सोडलं, कारण सगळे चोर. दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसायचे आणि घरातली वस्तू जागची हलली की भडकायचे. एकदा सायलीनं झाडताना स्टूल सरकवलं आणि ते पुन्हा जागेवर ठेवायचं राहिलं. अप्पा त्याला अडखळले. त्यांनी हातातला तांब्या असा भिरकावला की तो तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. तेव्हापासून ती चहा घेऊन निघाली की स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत कपबशी खुळखुळ वाजत जायची. चहा अर्धा बशीत सांडलेला असायचा. अप्पा काही बोलायचे नाहीत, पण कपबशी वाजली की त्यांच्या पायाची बोटं आखडायची. ते तिनं पाहिलेलं, कारण ती पायच पाहत होती. तिला वाटायचं, हा राग आहे.

दसऱ्याच्या सुमाराला अप्पांनी फर्मान काढलं. दिवाळीपासून सुनेचं काम बंद. घरी बसायचं.

सत्यमनं धीर करून कारण विचारलं. अप्पांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं वच्छलाबाईंचा हार घातलेला मोठा फोटो होता. “तुझ्या आईचा फोटो बघ. धुकट. तोंड बी धड दिसत नाय. शहरातल्या फोटोवाल्यांना हे एवढं काम येत नाय, न् तुझी बायको तिथं काय दिवे लावनार हाय?”

त्या फोटोत काही धुकट नव्हतं. सायलीनं मला मोबाइलवर दाखवला, चांगला होता. पण अप्पांना कोण सांगणार? सत्यमला वाटलं, म्हाताऱ्याची नजर फार चिकित्सक आहे. तो चंपाबाईसमोर आणि दोन-चार भावकीच्या माणसांसमोर म्हणून गेला, “अप्पा, सायली मोठा कॅमेरा शिकायली. ती तुमचा फोटो काढील, मग बघा काम येतं का नाय.” लोकांसमोर अप्पांना नाही म्हणता येईना. शेवटी ते म्हणाले, “काढू दे. धुकट निघाला तर दिवाळीपासून घरी.”

दुसऱ्या दिवशी सायली माझ्याकडं आली ती तापानं फणफणतच. भीतीनं ताप येतो हे मी तिच्याकडूनच शिकले.

“ताई, त्यांना त्यो चांगला फोटो धुकट दिसतो. माझा कसा चालंल?”

“चांगला काढलास तर चालेल.”

“न् काम सुटलं तर? ताई, दिवसभर त्या घरात, त्यांच्यासंगं एकटी.” एवढं बोलून तिनं तोंडात पदर कोंबला. तिला काम का हवं होतं ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. फोटोची आवड होतीच, पण हे काम म्हणजे त्या ओसरीपासून दिवसभराची सुटका होती.

पहिल्यांदा ती सत्यमच्या मागं बसून कॅमेरा पोटाशी धरून घेऊन गेली. अप्पांना खुर्चीत बसवून पूर्ण फोटो घेतला. डार्करूममध्ये आम्ही फिल्म धुतली, प्रिंट काढली. अप्पांचा चेहरा पुसल्यासारखा. प्रिंट घरी नेली, सत्यमनं अप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, “धुकट.”

दुसऱ्यांदा तेच. चेहरा पुसलेला, आणि अप्पांचा तोच शब्द.

“तू हलवलास कॅमेरा,” मी ओरडले.

“नाय हलवला.”

“मग ते हलले.”

“ते दगडासारखे बसतात, ताई.”

मी दोन्ही निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ठेवल्या आणि भिंग लावून इंच इंच तपासल्या. मग मला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटा आला. निगेटिव्ह धुकट नव्हत्या. वहाणेची शिवण टाका-टाका दिसत होती. अंगठ्याचं काळं नख, टाचेच्या भेगा, सगळं सुईच्या टोकासारखं स्पष्ट. दोन्ही वेळा पोरीनं फोकस पायांवर केला होता. काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. जिनं वर्षभर मान खाली घालून पाय बघितले, तिला काचेवर पाय डोळ्यांसमोरच मिळाले. ती तिथंच थांबली. खालच्या चेहऱ्याकडं तिचं भिंग गेलंच नाही.

“तू कापडात असताना तुला कोण बघतंय?” मी विचारलं.

“कुणीच नाय.”

“मग त्यांच्या तोंडाकडं का बघत नाहीस?”

“बघाय जाते, ताई. भिंग खाली नेते. पन हात हनुवटीपाशी थांबतो.” ती रडायला लागली. “मला वाटतं, ते काचेतून बघतील.”

दिवाळी तोंडावर आली होती. मी एक दिवस स्टुडिओला कुलूप लावलं, कॅमेरा गाडीत टाकला आणि तिच्यासोबत शेंद्र्याला गेले. सत्यम कामावर गेलेला. घरी अप्पा आणि आमच्या पाहुणचाराला आलेल्या चंपाबाई. अप्पा ओसरीवर ताठ बसलेले, पांढरा सदरा, टोपी, दाट भुवया. मी “जय भीम” म्हटलं, त्यांनी “रामराम” म्हटलं, आणि माझ्या थोडं डावीकडं बघून म्हटलं. मला वाटलं, माणूस घमेंडी आहे.

मी कॅमेरा त्यांच्या इतक्या जवळ लावला की काचेवर नुसता चेहरा मावला. पाय गेले, हात गेले, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा गेलं. सायलीनं ते पाहिलं आणि तिचा रंग उडाला.

“ताई, इतक्या जवळून मला जमायचं नाय.”

“डोळ्यात अंगणाचा उजेड चमकतो. त्या ठिपक्यावर भिंग लाव. दुसरं काही बघू नकोस.”

चंपाबाई चहा टाकायला आत गेल्या. सायली पदरासकट काळ्या कापडात शिरली. मला तिचे फक्त पाय दिसत होते आणि ते थरथरत होते. कापडाआडून बांगड्या किणकिणत होत्या. चाक थोडं फिरलं, थांबलं. परत फिरलं, परत थांबलं. मग बांगड्यांचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, बेशुद्ध पडते की काय.

“झाला का फोकस?” मी विचारलं.

आतून फक्त भिंग काचेवरून सरकल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. कापडासोबत पदरही डोक्यावरून घसरला होता, केस विस्कटलेले. मी डोक्याकडं खूण केली, पदर घे म्हणून. तिनं घेतला नाही. तिनं एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून, आणि अनवाणी, आवाज न करता, कॅमेऱ्यापासून बाजूला होत ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खांबापाशी जाऊन उभी राहिली. उघड्या डोक्यानं. सासऱ्याच्या अगदी समोरून चालत गेली ती. आता तांब्या येणार, असं मलाही वाटलं.

अप्पा कॅमेऱ्याकडंच बघत होते. तिथं कुणी नव्हतं.

“झालं का गं?” त्यांनी कॅमेऱ्याला विचारलं.

“मामा,” सायली खांबापासून म्हणाली, “मी हिकडं हाय.”

म्हातारा दचकला. मान आवाजाकडं वळली, डोळे मात्र भलतीकडंच राहिले. “कोन म्हनलं तुला तिकडं जाया?” ते ओरडून उठले, पण उठताना हात खुर्चीचा दांडा चाचपत होता. तो सापडेपर्यंत त्यांचा राग अर्ध्यावर आला होता.

“मामा, तुमच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं आलंय.” तिनं खांब घट्ट धरला, पण ती बोलत राहिली. “भिंगातून दिसलं. उजव्यात तर पूर्न. तुम्हाला आईचा फोटो धुकट दिसतो, त्यो धुकट नाय, मामा.”

मी आजवर पुष्कळ लोकांना घाबरलेलं पाहिलंय. कॅमेऱ्यासमोर सगळेच थोडे घाबरतात. पण अप्पा त्या क्षणी जसे घाबरले तसं कुणी नाही. ते खुर्चीत बसले आणि एकदम लहान झाले.

“हळू बोल,” ते म्हणाले. “चंपाला ऐकू जाईल.”

मग ते बोलले ते अगदी कुजबुजत. दोन वर्षांपासून दिसणं कमी होत होतं. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं, आणि परत आले ते पोराच्या खांद्यावर हात ठेवून. तो पोरगा म्हणजे अप्पाच. मरेपर्यंत बापाला शेतात, पारावर, परसाकडं त्यांनीच नेलं. म्हणून डोळ्याचं नाव काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं. घरातली प्रत्येक वस्तू पाठ केली, तिची जागा पाठ केली. स्टूल हललं आणि पाठ केलेलं सगळं कोसळलं.

“तुमी दोघं गेले की मी दार लावून बसतो,” ते म्हणाले. “गॅस चालू का बंद, कळत नाय. एखादं किरडू घरात शिरलं तरी दिसनार नाय. तू घरी असलीस म्हंजे...”

दिवाळीपासून काम बंद करायचं ते यासाठी होतं. आणि हे सांगायला त्यांना तोंड नव्हतं, म्हणून फोटो धुकट.

सायली खांब सोडून पुढं आली. “मामा, मला बघाय आले व्हते तवा?”

“तवाच नीट दिसत नव्हतं. तू नाव सांगितलंस, आवाजावर हा म्हनलो.”

“न् मी वर्षभर पदर घेतला त्यो?”

सायली हसायला गेली आणि तिला रडू फुटलं, तोंडावर हात ठेवून, आवाज न करता. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, तिचा आला, चंपाबाईचा आला, आणि सगळ्यात जास्त कशाचा आला ते सांगता येत नाही. मी उगीच लेन्स पुसत बसले.

डोळे पुसून तिनं स्वतःच कॅमेरा धरला. “मामा हलले, ताई. फोकस परत करावा लागंल.” ती कापडात गेली. या वेळी पाय थरथरत होते तसेच थरथरत होते, पण चाक सरळ जागेवर जाऊन थांबलं. लेन्स बंद केली, पेटी सरकवली, पेटीचं झाकण ओढलं. “मामा, समोर बघा. माझा आवाज येतोय तिथं. हलू नका.” आणि तिनं फोटो घेतला.

तेवढ्यात चंपाबाई चहा घेऊन आल्या. सुनेचं उघडं डोकं पाहून त्या दारातच थिजल्या. “अगं बया! पदर कुठाय डोक्यावरचा? सासरा म्होरं बसलाय न् तू...”

“हाय की पदर,” अप्पा म्हणाले. “मला दिसतोय.”

संध्याकाळी सत्यमला सांगितलं. अप्पा आधी नाहीच म्हणाले, मग दोन दिवस जेवले नाहीत, मग रात्रभर उलट्या. दवाखान्याच्या पायरीवरून एकदा परत फिरले. सायली त्यांच्यासोबत सगळीकडं गेली. बापानं जसा त्यांच्या खांद्यावर ठेवला होता तसा हात त्यांनी सुनेच्या खांद्यावर ठेवला, आणि तो हात इतका कापायचा की तिचा खांदा दुखायचा, असं ती सांगायची. मोतीबिंदूच होता. डॉक्टर म्हणाले, रोज अशी दहा ऑपरेशनं होतात. अप्पांना ते पटलं नाही, पण टेबलावर ते झोपले. दिवाळी त्या गडबडीत आली आणि गेली. कामाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही आणि सायली यायला लागली.

एका डोळ्याची पट्टी निघून काही दिवस झाल्यावर मी प्रिंट घेऊन शेंद्र्याला गेले. अप्पा काळा चष्मा लावून ओसरीवर होते. या वेळी त्यांनी माझ्याकडं नीट बघून “जय भीम” म्हटलं. सत्यम म्हणाला, पट्टी निघाली त्या दिवशी ते घरात आले ते थेट भिंतीपाशी गेले आणि वच्छलाबाईंच्या फोटोसमोर उभे राहिले. पाय दुखेपर्यंत उभे राहिले. धुकट हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडातून आला नाही.

मी प्रिंट त्यांच्या हातात दिली. दोन्ही बुबुळांत दुधासारखं पांढरं, पापणीचा केस न् केस स्पष्ट.

“ह्यो कोन भ्यालेला म्हातारा?” ते म्हणाले.

सत्यम हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि आत हाक मारली, “सायली, चहा आन.”

आतून कपबशीचा खुळखुळ आवाज निघाला. सायली आली. पदर कपाळाच्या खाली, नजर पायांवर, चहा बशीत सांडलेला. उघड्या डोक्यानं त्यांच्यासमोरून चालत गेलेली हीच ती बाई, हे कुणाला खरं वाटलं नसतं. आता सासऱ्याला दिसत होतं ना.

“वर बघ,” अप्पा म्हणाले.

ती जागच्या जागी गोठली. मग तिनं मान उचलली, हळूहळू, पायांवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून सदऱ्याच्या बटणावर, हनुवटीवर, आणि तिथं थोडी अडली, आणि मग वर. अप्पांनी काळा चष्मा काढला. सुनेचं तोंड त्यांनी कितीतरी वेळ बघितलं.

“अशी हायेस व्हय तू,” ते म्हणाले. आणि मग, “तू चहा आनायचीस तवा ही कपबशी वाजायची. मला वाटायचं, हिला कळलं. ही आता सगळ्यांना सांगनार. रोज वाटायचं. तुझ्याएवढं मी जल्मात कुनाला भ्यालो नाय.”

तिनं कपबशी पुढं केली आणि अप्पांनी दोन्ही हातांनी घेतली. ती त्यांच्या हातातही वाजत होती.